लेक घरी अखंड बडबडते, शाळेत सात महिन्यांत एक शब्द नाही

चिंचपेटी | १७ जानेवारी, रात्री ११.४०

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे पाककृतींच्या धाग्यांवरच सापडते, आज वेगळंच गाऱ्हाणं घेऊन आलेय. लांबलंय, सांभाळून घ्या.

लेक साडेचार वर्षांची, ज्युनिअर केजीत. मराठी घर, इंग्रजी शाळा. घरी तिच्या तोंडाला क्षणाची उसंत नाही. चंद्राला आई आहे का, भाजीवाल्या काकांना मिशी का नाही, सगळं विचारून होतं. भातुकलीत स्वतः टीचर होते आणि बाहुल्यांना टीचरच्या हुबेहूब आवाजात दटावते. आणि त्याच टीचरशी जूनपासून आजपर्यंत एक शब्द बोललेली नाही. एक म्हणजे एक.

ऑगस्टच्या पालकसभेत टीचरनी मला बाजूला घेऊन विचारलं, "तिला बोलता येतं ना?" मी मोबाईलमधला भातुकलीचा व्हिडिओ दाखवला, तर त्या बघतच राहिल्या.

सकाळी रिक्षात गाणी म्हणत निघते. शाळेच्या अलीकडच्या वळणावर आवाज बारीक होतो, मग कुजबुज, आणि फाटक दिसलं की ओठ मिटले. चेहरा पासपोर्टच्या फोटोसारखा. मला टाटासुद्धा करत नाही, हात अंगाला चिकटलेले. फक्त टीचरशीच असं नाही. शाळेतल्या मावशी अस्सल मराठी बोलतात, त्यांच्याशीही नाही. बिल्डिंगमधल्या मुलांत खेळते, पण मुकाट. माझ्या मोठ्या दिरांसमोर तर नाहीच नाही. ते तिला "आमची अबोली" म्हणतात आणि प्रत्येक लग्नात चारचौघांत "अबोली, आज तरी बोल" सुरू होतं.

परवा शाळेत शू झाली. मावशींनी कपडे बदलले, "सांगायचं ना बाळा" म्हणाल्या. घरी येताना रिक्षात मला म्हणाली, "मला सांगायचं होतं, पण आवाज घशातच बसला." त्या रात्री मला झोप नाही.

आतापर्यंतचे उपाय: चॉकलेट, स्टिकर, गोडीगुलाबी, एकदा (लाज वाटते) रागावणं. सासूबाईंनी गावाहून पोपटाने उष्टावलेला पेरू आणला. तो तिने मिटक्या मारत खाल्ला आणि पोपटाबद्दल पाऊण तास बोलली. आम्हाला. दुसऱ्या दिवशी शाळेत पुन्हा मिठाची गुळणी.

डॉक्टर म्हणतात लाजाळू आहे, सुटेल. शाळा म्हणते तोंडी परीक्षा होत नाही तर पुढच्या वर्गात कसं घालायचं. नेटवर सिलेक्टिव्ह म्युटिझम (इतरत्र बोलणारं मूल ठरावीक ठिकाणी बोलूच शकत नाही) हा शब्द सापडलाय. कुणाला अनुभव आहे?

---

गोधडी | १८ जानेवारी, सकाळी ६.५५

अगं बाई, जीव थोडा नको करूस. पेरूचं वाचून हसू आलं. आमच्या धाकट्यालाही दिला होता, वर वेखंड उगाळून चाटवलं होतं. तो तीन वर्षांचा होईतो बोललाच नाही, आणि आता थांबत नाही. पण तुझी पोर तर बोलते आहे गं, मग पेरूचा आणि वेखंडाचा काय दोष!

---

रोखठोक | १८ जानेवारी, सकाळी ९.१०

स्पष्ट लिहितो, राग मानू नये. घरी बोलते म्हणजे जीभ शाबूत आहे. शाळेत बोलत नाही म्हणजे हट्ट आहे. आमच्या वेळी गुरुजी छडी आपटायचे की मुकी पोरंही पाढे म्हणायची. हल्ली प्रत्येक गोष्टीला इंग्रजी नाव द्यायचं आणि थेरपिस्टचे खिसे भरायचे.

---

रंकाळा | १८ जानेवारी, दुपारी १.३०

रोखठोक, त्या छडीखालचा मुलगा मी आहे. म्हणून लिहितो. इथे आजवर फक्त वाचत होतो.

पहिली ते तिसरी मी शाळेत बोललो नाही. घरी भावंडांत मीच सगळ्यात वाह्यात. बाई हजेरी घ्यायच्या. माझ्या आधीची तीन नावं झाली की पोटात गोळा. माझं नाव आलं की "हजर" हा शब्द जिभेवर तयार असायचा. तयार, साहेब. फक्त तो ढकलायला आत काही उरायचंच नाही. जबडा धरल्यासारखा. बाई वर न बघता गैरहजर मांडायच्या आणि मी पहिल्या रांगेत त्यांच्यासमोर बसलेला. वडिलांना शाळेचं पत्र आलं, मुलगा बरेच दिवस शाळेत येत नाही. घरी मार. शाळेत बोलत नाही म्हणून मार. मुलं "मुक्या" म्हणायची. मार खाल्ल्यावर हाताबरोबर घसाही आणखी आवळायचा, एवढाच काय तो परिणाम.

सुटलो कसा? पाढ्यांनी, पण छडीच्या नव्हे. तिसरीत नवे गुरुजी आले, ते सगळ्या वर्गाला एका सुरात म्हणायला लावायचे. बे एके बे. चाळीस पोरांच्या आवाजात मी आधी नुसते ओठ हलवले. कुणाचं लक्ष नाही असं बघून थोडा आवाज सोडला. गुरुजींना कळलं असणार, कारण ते रोज माझ्या बाकापाशी उभे राहायचे, खिडकीबाहेर बघत. एक अक्षर बोलले नाहीत. आणि हजेरीला म्हणाले, सगळ्यांनी नुसता हात वर करायचा. सगळ्यांनी, एकट्या मी नव्हे. ते मला आजही डोळ्यांसमोर दिसतं.

आज विक्रीच्या धंद्यात आहे, दिवसभर बोलतो. फोनवर अनोळखी माणूस असला की अजून आधी पाणी पितो.

---

रोखठोक | १८ जानेवारी, दुपारी २.०५

वाईट वाटलं वाचून. पण प्रत्येक गप्प पोराला हेच असतं असं नाही.

---

वैखरी | १८ जानेवारी, रात्री १०.१५

प्रत्येक गप्प मुलाला हे नसतं, हे रोखठोक यांचं अगदी बरोबर. मी नाशिकला वाचा-उपचाराचं काम करते. तपासल्याशिवाय निदान सांगणार नाही, पण चिंचपेटीताई, तुम्ही लिहिलंय ते ओळखीचं आहे.

आधी नावाबद्दल, कारण हट्टाचा समज नावातच रुतून बसलाय. १८७७ साली कुसमाउल या जर्मन डॉक्टरांनी अशा मुलांबद्दल लिहिताना जे लॅटिन नाव दिलं त्याचा अर्थ होतो स्वेच्छेने न बोलणं. १९३४ मध्ये ट्रामर यांनी इलेक्टिव्ह म्युटिझम म्हटलं, म्हणजे तरी मुलाने निवडलेलंच. १९९४ मध्ये अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत इलेक्टिव्ह जाऊन सिलेक्टिव्ह आलं, आणि २०१३ च्या आवृत्तीत हा प्रकार सरळ चिंताविकारांत गेला. हट्टाच्या खात्यातून भीतीच्या खात्यात यायला सव्वाशेहून जास्त वर्षं लागली. मराठीत निवडक मूकत्व लिहितात ते मला पटत नाही. निवड ती करत नाही. कुठे आवाज निघेल ते जागा आणि माणसं ठरवतात.

निदानासाठी ढोबळमानाने असं बघतात: इतरत्र नीट बोलणारं मूल ठरावीक ठिकाणी सातत्याने बोलत नाही, असं किमान महिनाभर चाललंय, त्यात शाळेचा पहिला महिना धरायचा नाही (तो बहुतेकांना जड जातो), आणि त्यापायी शिकणं किंवा मिसळणं अडतंय. लाजाळू मूल आठपंधरा दिवसांत हळूहळू सैल पडतं. तुमची लेक सात महिन्यांत तसूभर हललेली नाही, इथे लाजाळू हा शब्द अपुरा पडतो. बहुतेक वेळा सुरुवात पाच वर्षांच्या आतच होते, कळतं मात्र शाळेत गेल्यावर, कारण घरी कळायला काही कारणच नसतं.

घरात काही वाईट घडलं असेल, कुणी घाबरवलं असेल, असं शेजारीपाजारी सुचवतील. बहुतेक मुलांच्या बाबतीत तसं काही नसतं. उपजतच बुजरा, सावध स्वभाव असतो, घराण्यात कुणीतरी तसं असतं. (अचानक सगळीकडेच, घरीसुद्धा बोलणं बंद झालं तर ती वेगळी गोष्ट, तेव्हा लगेच डॉक्टर गाठायचे.) ऐकू येण्याची तपासणी मात्र आधी करून घ्या. घरी छान बोलते म्हणून ती टाळू नका. आणि उच्चारांत, भाषेत काही बारीक अडचण आहे का तेही बघून घ्यावं लागतं, काही मुलांत दोन्ही असतं.

उपचाराचं उद्या लिहिते. आज इतकंच, मोबाईलवर टंकून अंगठा गेला.

---

परदेशी_पाखरू | १९ जानेवारी, पहाटे ३.२०

बर्लिनहून. आमचा मुलगा तीन वर्षांचा असताना इथल्या बालवाडीत चार-पाच महिने जर्मनचा एक शब्द बोलला नाही. पण तो बोट दाखवायचा, ओढत न्यायचा, खिदळायचा, आणि तिथे एक मराठी मुलगी होती तिच्याशी तोंडाचा पट्टा सुरू. आम्हाला सांगितलं, नवी भाषा कानात मुरते आहे, थांबा. तसंच झालं. चिंचपेटी, तुमची लेक मराठी मावशींशीही बोलत नाही, म्हणजे अडलंय ते नुसतं इंग्रजीवर नाही, असं मला वाटतं. वैखरी?

---

वैखरी | १९ जानेवारी, रात्री ९.५०

अगदी हेच. भाषा येत नाही म्हणून गप्प बसणं यात धरत नाहीत. त्या मुलांचे हातवारे, चेहरा, खेळणं चालू असतं. तरी दुभाषिक आणि स्थलांतरित मुलांत हे जास्त दिसतं हेही खरं, म्हणून "इंग्रजी आलं की बोलेल" म्हणत वर्ष घालवू नये.

आता उपचार. आधी एक कागद घ्या. एका बाजूला माणसं, दुसऱ्या बाजूला जागा. मधल्या प्रत्येक चौकोनात लिहा: मोठ्याने, हळू, कुजबुज, खुणा, काहीच नाही. शाळेत कुणी नसताना ती तुमच्याशी बोलते का? फाटकाबाहेर? रिक्षावाल्यासमोर? जिथे आवाज आहे त्या टोकापासून धागा धरायचा आणि माणूस किंवा जागा, एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

शाळेत सर्वात उपयोगी पडतं ते असं. शाळा भरायच्या आधी रिकाम्या वर्गात तुम्ही आणि लेक दोघीच, पंधरा मिनिटं. एखादा खेळ, ज्यात आपसूक आवाज निघतो. तिचा आवाज नेहमीसारखा झाला की टीचर नुसत्या व्हरांड्यातून जाव्यात. मग दारात थांबाव्यात. मग वर्गात, पण पाठ करून, आपलं काही करत. मग जवळ. मग खेळात. मग तुम्ही हळूहळू बाजूला. आवाज थांबला की एक पायरी मागे, चेहऱ्यावर नाराजी न आणता. आठवड्यातून एकदा तासभर करण्यापेक्षा तीनदा पंधरा मिनिटं केव्हाही बरी. माणूस मात्र तोच ठेवा, रोज नवी टीचर नको.

आणि प्रश्नांचं पथ्य. सुरुवातीला टीचरनी प्रश्नच विचारायचा नाही. शेजारी बसून नुसतं बोलत राहायचं: "तू निळा घेतलास. आता छप्पर आलं." पुढे विचारायचं ते "लाल हवा की निळा?" असं. हो-नाहीचा प्रश्न मान हलवून मिटतो. मग मनात पाचपर्यंत आकडे मोजायचे. ही पाच सेकंदं मोठ्या माणसाला पाच मिनिटांसारखी वाटतात. आपण इथेच घोळ घालतो. कुणी "नाव काय बाळ तुझं?" विचारतं, लेक थिजते, आपल्याला अवघडतं, आपण पटकन नाव सांगून टाकतो. तिची सुटका, आपलीही, विचारणाऱ्याचीही. तिघांना हायसं वाटतं आणि गप्प बसण्याची गाठ आणखी एक पीळ घट्ट होते.

---

रोखठोक | १९ जानेवारी, रात्री १०.३०

म्हणजे आयुष्यभर तिला कुणी प्रश्नच विचारायचा नाही? मागणी नाही, अपेक्षा नाही, कापसात ठेवा?

---

वैखरी | १९ जानेवारी, रात्री १०.५५

नाही हो, उलट आहे. "सोडून द्या, सुटेल आपोआप" हा सल्लाही छडीइतकाच नुकसान करतो. न बोलता सगळं भागतं ही सवय दरवर्षी घट्ट होत जाते. अपेक्षा ठेवायची, पण आज जी पायरी चढता येईल तेवढीच. पोहायला शिकवताना तुम्ही मूल विहिरीत फेकत नाही आणि काठावरही बसवून ठेवत नाही.

(विहिरीत फेकूनच शिकलो, असं आता कुणीतरी लिहिणार!)

---

रोखठोक | १९ जानेवारी, रात्री ११.०२

फेकूनच शिकलो. :)

---

खडूफळा | २० जानेवारी, सायंकाळी ५.४०

रत्नागिरी जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. एकवीस वर्षांत अशी दोन मुलं नक्की आठवतात. आणखी काही माझ्या लक्षातच आली नसतील, कारण अशी मुलं त्रास देत नाहीत. साठ डोळे समोर असले की शांत मूल शिक्षकाला वरदान वाटतं, खरं सांगते.

वर्गातली पोरं नव्या माणसाला आधी हेच सांगतात, "बाई, ती बोलत नाही." सवयीने, प्रेमाने. पण ती पाटी गळ्यात पडली की मुलीला बोलायचं झालं तरी बोलता येत नाही, सगळे वळून बघणार ना! मी म्हणायची, "बोलते की. इथे अजून बोलली नाही." अबोली म्हणणाऱ्या काकांना तुम्हाला तोंड द्यावं लागेल ताई, इलाज नाही.

शूचं उद्याच्या उद्या सोडवा. तोंडाने सांगायची सक्ती नको, एखादी ठरलेली खूण. माझ्या वर्गात खिडकीत लाकडी ठोकळा होता, तो उचलून टेबलावर ठेवला की जायचं. सगळ्या वर्गाला तोच नियम. शिवाय ठरलेल्या वेळी मावशींनी स्वतःहून न्यावं.

तोंडी परीक्षेचं: कविता घरी मोबाईलवर म्हणून आणू दे. न बोलता करता येईल अशी जोड्या लावा, चित्र दाखवा, हे तर आहेच. कुणी धमकावत असेल तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ मध्ये शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी आहे. पण कायद्याचं बोट पहिल्याच भेटीत दाखवू नका, टीचर तुमच्या बाजूला हवी आहे.

सर्वात महत्त्वाचं राहिलं. ज्या दिवशी आवाज फुटेल त्या दिवशी टाळ्या नकोत. पेढे तर नकोतच.

---

सदाफुली | २१ जानेवारी, दुपारी १२.१५

+१. आमच्याकडे शाळा तालुक्याची आणि जवळ कुणी थेरपिस्ट नाही, अशांनी काय करायचं?

---

खडूफळा | २१ जानेवारी, सायंकाळी ६.१०

सदाफुली, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत तपासणीला येतं, तेव्हा शिक्षकांमार्फत मुलाचं नाव पुढे करा. तिथून जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे (मुलांच्या वाढीतल्या अडचणींवर लवकर उपचार करतात तिथे) पाठवतात. मुंबईच्या जवळ असाल तर कान आणि वाचा तपासायला वांद्र्याची अली यावर जंग संस्था आहे. आणि टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक फुकट आहे, मराठीत बोलता येतं. मूल बोलणार नाही, तुम्ही बोला.

---

चिंचपेटी | १० मार्च, रात्री ११.१५

धागा वर काढतेय. मध्ये काही लिहिलं नाही कारण लिहिण्यासारखं काही टिकत नव्हतं.

कान उत्तम. बालमानसतज्ज्ञांनी दोन भेटींनंतर निदान तेच सांगितलं. औषधाचा विषय मीच काढला. त्या म्हणाल्या, मोठ्या मुलांत किंवा गाडी पुढे सरकतच नसेल तर विचार करतात, आत्ता नको.

शाळेने आधी नन्नाचा पाढा लावला, मग सोम-बुध-शुक्र पावणेआठची वेळ दिली. आम्ही सापशिडी घेतली. पहिल्या दिवशी लेक फासा टाकायची आणि आकडा माझ्या कानात सांगायची, रिकाम्या वर्गातसुद्धा. तिसऱ्या दिवशी सोंगटी सापाने गिळल्यावर किंचाळली. खरंखुरं, घरच्यासारखं. टीचर तेव्हा व्हरांड्यात, त्या थांबल्या नाहीत, पुढे निघून गेल्या. मला त्यांचे पाय धरावेसे वाटले.

चौथ्या-पाचव्या वेळेला टीचर दारात असताना तिने "चार" म्हटलं, आणि नेमक्या तेव्हा शाळेतल्या एक मोठ्या बाई आत आल्या. "अरे वा! बोलायला लागली!" आणि टाळ्या. खडूफळा, तुमची फार आठवण आली. त्यानंतर दोन आठवडे माझ्याशीही शाळेत बोलली नाही. पुन्हा फाटकाबाहेरच्या पायरीपासून सुरुवात, अक्षरशः पायरीवर बसून सापशिडी.

आता कुठे आहोत? टीचर खेळात आहेत. त्यांचा फासा पडला की आकडा लेक सांगते. बारीक आवाजात, पण सांगते. इतर मुलं आली की बंद. वर्गात शूसाठी खिडकीत पिवळी बादली आहे, वाळूतली खेळण्याची.

दिरांना नवऱ्याने सांगितलं. ते चिडले. मग परवा घरी आले तेव्हा तिच्याकडे न बघता आमच्या मांजराशी अर्धा तास बोलत बसले. शेवटी लेकीने मांजराला बजावलं, "काका खोटं सांगतायत, ऐकू नकोस." मांजरालाच म्हणाली, पण मोठ्याने.

---

रंकाळा | ११ मार्च, सकाळी ८.००

दोन आठवडे मागे गेलं ते वाया गेलं नाही, असं माझं मत. परत यायला वाट माहीत असते.

---

चिंचपेटी | १८ एप्रिल, रात्री १०.०५

एक छोटं सांगायचं होतं आणि एक विचारायचं.

आज मी आणायला गेले तर मावशी फाटकाशी उभ्या. मुलं पांगेपर्यंत थांबल्या, मग इकडेतिकडे बघून हळूच म्हणाल्या, "आज सांगितलं हो तिनं. बादली घेऊन आली आणि म्हणाली, मावशी, सू." मी विचारलं, मग? "मग काय, मी काही बोलले नाही. नेलं आणि आणलं."

रिक्षात मीही काही विचारलं नाही. फार जड गेलं.

विचारायचं हे: जूनमध्ये सिनिअर केजी, नवा वर्ग, नवी टीचर. पुन्हा पहिल्यापासून का?

---

वैखरी | १८ एप्रिल, रात्री १०.४०

मावशींना माझा नमस्कार सांगा.

पहिल्यापासून नाही, पण दोन-तीन पायऱ्या मागे जाईल असं धरून चाला. सुट्टी लागायच्या आत आताच्या टीचरनी नव्या टीचरना खेळात बसवावं, जमेल तितक्या वेळा. मे महिन्यात रिकाम्या शाळेत एक-दोन चकरा मारा, नव्या वर्गात बसून या. बादली नव्या खिडकीत हलवा. आणि सापशिडी तीच न्या, नवी घेऊ नका.